लस एक, भाव तीन : २०२१ च्या उन्हाळ्यातलं लसखरेदीचं प्रकरण

६ एप्रिल २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य सचिव राजेश भूषण यांनी पत्रकार परिषदेत कोविडच्या लसीबद्दल सरकारची भूमिका सांगितली : ज्याला लस हवी आहे त्याला नव्हे, तर ज्याला तिची गरज आहे त्याला ती द्यायची. आदल्याच दिवशी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून २५ वर्षांवरच्या सर्वांना लस देऊ द्या, अशी मागणी केली होती. दिल्लीनं ती तूर्त उडवून लावली. तेरा दिवसांनी, १९ एप्रिलला, त्याच दिल्लीनं १८ वर्षांवरच्या प्रत्येकाला १ मेपासून लस खुली केली. मधल्या तेरा दिवसांत कारखान्यांतून निघणाऱ्या डोसांची संख्या काही दुप्पट झालेली नव्हती. वाढली होती ती दुसरी लाट, आणि तिच्यासोबत लोकांचा राग.

त्या दिवशी ज्याच्या त्याच्या तोंडी वयाची अट होती. घरातल्या तरुण मुलांना लस मिळणार, याचा दिलासा मोठा होता. पण त्याच निर्णयात दुसरंही एक कलम होतं. लस कंपन्यांनी निम्मा माल केंद्राला द्यायचा आणि उरलेला निम्मा राज्यांना आणि खुल्या बाजारात विकायचा. केंद्र आपल्या वाट्यातून ४५ वर्षांवरचे लोक, आरोग्य कर्मचारी आणि फ्रंटलाइन वर्कर यांना मोफत लस देणार. १८ ते ४४ वयोगटाचं राज्यांनी आणि खासगी रुग्णालयांनी बघायचं. या धोरणाला 'उदारीकृत आणि गतिमान' असं नाव मिळालं. १ मेला ते अमलात आलं आणि ७ जूनला पंतप्रधानांनी दूरचित्रवाणीवरून ते गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. महासाथीच्या काळातले सरकारी निर्णय चुकले किंवा बरोबर ठरले, पण एवढा मोठा निर्णय इतक्या लवकर आणि इतक्या उघडपणे मागे घेतल्याचं उदाहरण भारतात दुसरं सापडत नाही. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून पाहण्यासारखं आहे.

आधी काय चालत होतं

१९८५ पासून देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम चालतो. त्यात कामाची वाटणी अगदी साधी आहे. लस केंद्र घेतं, टोचतं राज्य. गोवर, पोलिओ, बीसीजी, कुठल्याही लसीसाठी कुणा राज्याच्या आरोग्य विभागाला कंपनीच्या दारात उभं राहावं लागलं नव्हतं. शीतपेट्या, एएनएम ताई (म्हणजे गावोगावच्या परिचारिका), आशा सेविका, प्राथमिक आरोग्य केंद्र, हे सगळं राज्याकडे होतं आणि त्याचा अनुभवही होता. नव्या लसीचा भाव ठरवणं, आगाऊ पैसे भरणं, पुरवठा झाला नाही तर कंपनीला जाब विचारणं, याचा अनुभव कुणाकडेच नव्हता.

कोविडची लसही १६ जानेवारी २०२१ पासून याच रिवाजानं सुरू झाली. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशील्ड आणि भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन, खरेदीदार एकटं केंद्र. ते एक डोस आधी २०० रुपयांना आणि मग १५० रुपयांना घेत होतं. १ मार्चपासून ६० वर्षांवरचे आणि सहव्याधी असलेले ४५ वर्षांवरचे लोक आले. खासगी रुग्णालयांना डोसामागे २५० रुपयांची मर्यादा घातली गेली. १ एप्रिलपासून ४५ वरचे सगळे. १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी लसीसाठी ३५ हजार कोटी रुपये ठेवले होते आणि गरज पडली तर आणखी देऊ, असंही म्हटलं होतं. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढं न्यायालयानं नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्रात ठिणगी पडली. आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले, राज्याकडे १४ लाख डोस आहेत, तीन दिवस पुरतील. लसीकरण केंद्रे बंद पडू लागली. ७ एप्रिलला केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्ष वर्धन यांनी एक लांबलचक निवेदन काढून महाराष्ट्र स्वतःचं अपयश झाकण्यासाठी घबराट पसरवतोय, असा आरोप केला. केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनी राज्यानं पाच लाख डोस वाया घालवल्याचं सांगितलं. टोपे यांनी उत्तरादाखल गुजरातचा हिशेब मांडला : लोकसंख्या आपल्या निम्मी, डोस जवळपास आपल्याएवढेच. हे दोन-तीन दिवस वाचलेल्या कुणालाही वाटलं असेल की प्रश्न महाविकास आघाडी विरुद्ध भाजप असा आहे. तो तसाही होता. पण मुळातला प्रश्न सोपा आणि अप्रिय होता. देशात लस कमी होती, आणि ती कमी आहे हे म्हणायला कुणीच तयार नव्हतं. केंद्रानं तुटवडा नाकारला, राज्यानं तुटवड्याचं कारण पक्षपात असं सांगितलं.

राज्यांनी काय मागितलं होतं

या वादात केंद्राचा सर्वांत भक्कम मुद्दा हा, की विकेंद्रीकरण राज्यांनीच मागितलं होतं. तो खोटा नाही. ममता बॅनर्जी यांनी फेब्रुवारीतच पंतप्रधानांना पत्र लिहून राज्याला स्वखर्चानं लस विकत घेऊ द्या, असं म्हटलं होतं. वयाची अट सैल करा, फ्रंटलाइन वर्कर कोण हे आम्हाला ठरवू द्या, असा सूर अनेक राज्यांतून निघत होता. १८ एप्रिलला माजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी लिहिलेल्या पत्रातही ही लवचीकता होती. पण त्याच पत्रात त्यांनी पुढच्या सहा महिन्यांच्या मागण्या किती नोंदवल्या ते जाहीर करा, राज्यांना लस कशी वाटणार याचं सूत्र सांगा आणि सक्तीच्या परवान्यांचा (पेटंटधारकाच्या संमतीशिवायही उत्पादनाची मुभा देणारा) नियम वापरून इतर कारखान्यांनाही उत्पादन करू द्या, असंही सांगितलं होतं. हर्ष वर्धन यांनी दुसऱ्या दिवशी त्यांना खरमरीत उत्तर धाडलं, आणि त्याच संध्याकाळी नवं धोरण आलं.

मागितलेलं आणि मिळालेलं यांत मात्र फार अंतर होतं. राज्यांना हवी होती ती कुणाला आधी टोचायचं हे ठरवण्याची मुभा. मिळाली ती पैसे भरण्याची जबाबदारी. केंद्रानं पुढं सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रातून तर असं दिसलं, की राज्यांच्या वाट्याचा कोटाही १८ ते ४४ वयोगटातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात केंद्रच ठरवून देणार होतं. म्हणजे महाराष्ट्रानं कितीही पैसे टेबलावर ठेवले तरी ठरलेल्या कोट्याच्या वर डोस मिळणार नव्हते. कंपनी कोणती, माल किती आणि कधी, यातलं काहीच राज्याच्या हाती नाही, आणि बिल मात्र राज्याच्या नावानं. खुल्या बाजारात निदान जास्त पैसे मोजून जास्त माल मिळतो. इथं तेही नव्हतं. माझ्या मते या प्रकरणाचं मर्म हे आहे, आणि सार्वजनिक चर्चेत ते सगळ्यांत उशिरा आलं. पाच आठवडे आपण 'कुणी मागितलं होतं' यावर भांडत राहिलो.

भावाचा वाद मात्र ताबडतोब पेटला, कारण तो कुणालाही कळत होता. २१ एप्रिलला सिरमनं दर जाहीर केले : राज्यांना ४०० रुपये, खासगी रुग्णालयांना ६००. केंद्राला तीच कुपी १५० रुपयांना जात होती. तीन दिवसांनी भारत बायोटेकनं राज्यांना ६०० आणि खासगीला १,२०० असा भाव लावला. ओरड झाल्यावर सिरमनं राज्यांचा दर ३०० वर आणला, भारत बायोटेकनं ४०० वर. सिरमचे प्रमुख अदर पूनावाला यांचं म्हणणं असं, की सुरुवातीचा दर अगदी पडेल होता आणि कारखाना वाढवायचा तर पैसा लागतो. उद्योजकाच्या जागेवरून ते चुकीचं नाही. पुण्याजवळच्या मांजरीतून जगाला लस पाठवणाऱ्या कंपनीनं विस्तारासाठी सुमारे तीन हजार कोटींची गरज आधीच बोलून दाखवली होती. प्रश्न असा होता की तो पैसा द्यायचा कुणी. केंद्रानं सिरमला ११ कोटी डोसांसाठी १,७३२ कोटी आणि भारत बायोटेकला ५ कोटी डोसांसाठी ७८७ कोटी रुपये आगाऊ दिले, ते २८ एप्रिलला. दुसरी लाट तेव्हा शिखराच्या तोंडाशी होती. ज्या देशांनी २०२० मध्येच, लस यशस्वी होईल की नाही हे ठाऊक नसताना पैसे गुंतवले, ते रांगेत पुढं होते.

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं २८ एप्रिलला १८ ते ४४ वयोगटातल्या ५ कोटी ७१ लाख लोकांना मोफत लस द्यायचं ठरवलं. खर्चाचा अंदाज साडेसहा हजार कोटी. बारा कोटी डोसांचे पैसे एकरकमी चेकनं द्यायला तयार आहोत, असं मुख्यमंत्री सांगत होते. चेक होता, माल नव्हता. महाराष्ट्रदिनी राज्यानं शुभारंभ केला तो जेमतेम तीन लाख डोसांवर, छत्तीस जिल्ह्यांत वाटून. ११-१२ मेच्या सुमारास तो कार्यक्रम थांबवावाच लागला. तरुणांसाठी राज्यानं विकत घेतलेले कोव्हॅक्सिनचे सुमारे पावणेतीन लाख डोस ४५ वर्षांवरच्यांच्या दुसऱ्या डोसासाठी वळवले गेले, कारण त्या लोकांच्या दुसऱ्या डोसाची वेळ उलटून चालली होती आणि केंद्राकडून त्यांच्यासाठी पुरेसा माल येत नव्हता. थोडक्यात, ज्यांची जबाबदारी केंद्राची होती त्यांना राज्याच्या पैशाची लस टोचली गेली.

मे महिना

आकडेमोड करून बघू. केंद्राच्याच प्रतिज्ञापत्रानुसार १८ ते ४४ वयोगटात ५९ कोटी लोक, त्यांना लागणार १२२ कोटी डोस. मे महिन्यात सर्वांसाठी मिळून देशात उपलब्ध झालेले डोस होते जेमतेम ८ कोटी, आणि त्यातले निम्मे केंद्राचे. २८ एप्रिलला कोविन या सरकारच्या लसनोंदणी पोर्टलवर नोंदणी उघडली तेव्हा पहिल्याच दिवशी सव्वा कोटीच्या वर लोकांनी नावं नोंदवली.

पुढं काय झालं ते शहरात राहणाऱ्या प्रत्येकाला आठवतं. स्लॉट उघडायचा आणि ओटीपी येईपर्यंत संपायचा. टेलिग्रामवर स्लॉटची खबर देणारे गट निघाले, प्रोग्रामिंग येणाऱ्यांनी स्क्रिप्ट लिहिल्या. मुंबई-पुण्यातल्या तरुणांनी गाड्या काढून आडगावातली आरोग्य केंद्रं गाठली, कारण तिथं स्लॉट रिकामे दिसत होते. ते रिकामे होते कारण गावातल्या माणसांना कोविन वापरता येत नव्हतं किंवा त्यांच्याकडे तसा फोनच नव्हता. गावकरी दारात उभे आणि आत शहरातली मंडळी दंड पुढं करून बसलेली, असे प्रसंग घडले आणि त्यावरून वादही झाले. यात त्या तरुणांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. ज्याला फोन चालवता येतो त्याला लस, असा नियमच सरकारनं केला होता. १८ ते ४४ साठी लसीकरण केंद्रावर जाऊन नाव नोंदवायची सोय आली ती २४ मेला, तीही फक्त सरकारी केंद्रांवर आणि राज्यांच्या मर्जीवर.

राज्यांनी मग परदेशात हात पसरले. मुंबई महापालिकेनं १२ मे रोजी एक कोटी डोसांसाठी जागतिक निविदा काढली. मुदत वाढवली. आलेल्या प्रस्तावांत बहुतेक मध्यस्थ होते आणि बहुतेकांनी देऊ केली होती ती रशियाची स्पुटनिक. कागदपत्रं कुणाची पुरी नव्हती. जूनच्या सुरुवातीला सगळे प्रस्ताव फेटाळले गेले. मॉडर्नानं पंजाबला आणि फायझरनं दिल्लीला एकच उत्तर दिलं : आम्ही फक्त देशाच्या सरकारशी बोलतो. हे उत्तर १९ एप्रिललाच कुणालाही सांगता आलं असतं. दुष्परिणाम झाल्यास भरपाई कुणी द्यायची, परवाना कोण देणार, या गोष्टी राज्याच्या हातातच नाहीत. कंपनी कुठल्या भरवशावर करार करणार?

खासगी वाट्याचं काय झालं हे तर वेगळंच. इंडियन एक्स्प्रेसनं दाखवून दिलं की मे महिन्यातल्या खासगी कोट्यातला निम्मा माल देशातल्या नऊ मोठ्या रुग्णालय-साखळ्यांनी उचलला होता. तालुक्याच्या गावातल्या दवाखान्याला कंपनी विचारीना. पंजाब सरकारनं तर ४०० रुपयांना घेतलेली कोव्हॅक्सिन खासगी रुग्णालयांना १,०६० ला विकली, आणि त्यांनी ती लोकांना १,५६० ला लावली. बोभाटा झाल्यावर ४ जूनला ते मागं घेतलं गेलं. एरवी केंद्राच्या धोरणावर तुटून पडणाऱ्या काँग्रेसचं ते सरकार. कांदिवलीतल्या एका सोसायटीत ३० मे रोजी चक्क बनावट लसीकरण शिबिर झालं. ३९० जणांनी प्रत्येकी १,२६० रुपये मोजून काय टोचून घेतलं देव जाणे.

न्यायालयात

सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी निवृत्तीच्या आदल्या दिवशी, २२ एप्रिलला, ऑक्सिजन, औषधं आणि लस यांविषयी स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. पुढं ती न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. नागेश्वर राव आणि न्या. रवींद्र भट यांच्यासमोर चालली. ३० एप्रिललाच खंडपीठानं विचारलं : केंद्र एकगठ्ठा घेतं म्हणून स्वस्त मिळतं म्हणता, मग सगळीच लस केंद्र का घेत नाही?

९ मेला केंद्रानं दिलेलं प्रतिज्ञापत्र मुळातून वाचण्यासारखं आहे. दोन युक्तिवाद होते. पहिला असा, की राज्यांनी मोफत लसीची घोषणा केलीच आहे, त्यामुळे भावातल्या फरकाची झळ नागरिकाला बसत नाही. हे बरोबरच, पण तो पैसा काय आभाळातून येणार होता? राज्यांचा महसूल टाळेबंदीत आटला होता. दुसरा युक्तिवाद जास्त गंभीर होता : वेगवेगळ्या भावांमुळे स्पर्धा वाढेल, उत्पादकांना प्रोत्साहन मिळेल. आणि जोडीला इशारा, की न्यायालयानं सद्हेतूनं का होईना पण अति उत्साहानं हस्तक्षेप केला तर अनपेक्षित परिणाम होतील. बाजारात विकणारे दोन, विकत घेणारी सगळी राज्यं, भाव विकणाऱ्यांनीच जाहीर केलेला. अशा बाजारात स्पर्धा होते ती विकत घेणाऱ्यांत. महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या अर्थशास्त्राला हे पुरतं.

३१ मेच्या सुनावणीनंतरचा आदेश २ जूनला प्रसिद्ध झाला. १८ ते ४४ वयोगटाला पैसे देऊन लस घ्यायला लावणारं धोरण सकृद्दर्शनी मनमानी आणि अतार्किक आहे, असं त्यात म्हटलं होतं. दुसऱ्या लाटेत तरुणही मरत होते, हे न्यायालयानं नोंदवलं. ३५ हजार कोटींपैकी किती आणि कशावर खर्च झाले, त्यातून १८ ते ४४ ची लस का घेता येत नाही, असं विचारलं. धोरण ठरवतानाच्या फाइलींवरच्या नोंदी मागितल्या. कोविनवर ज्यांना जाताच येत नाही त्यांचं काय, हाही प्रश्न होता. उत्तराला दोन आठवडे दिले. कार्यपालिकेच्या धोरणांमुळे नागरिकांचे हक्क डावलले जात असतील तर न्यायालय मूकपणे बघत बसणार नाही, हेही त्यात होतं. लसीसाठी खरोखर किती पैसा गेला होता याचा अंदाज पुढं आला : जुलैत संसदेत सांगितलेला आकडा होता साधारण ९,७२५ कोटी. पैसे नव्हते म्हणून राज्यांवर भार टाकला, हे कारण त्यामुळे टिकत नाही.

याच आठवड्यात राजकीय बाजूही सरकली. बारा विरोधी पक्षांच्या नेत्यांनी, त्यात शरद पवार आणि उद्धव ठाकरेही, १२ मेलाच केंद्रानं लस घ्यावी असं पत्र दिलं होतं. ते अपेक्षित होतं. पण केरळचे पिनराई विजयन यांच्या पाठोपाठ २ जूनला ओडिशाच्या नवीन पटनायक यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं आणि केंद्रीय खरेदीसाठी एकमत करू या म्हणाले. आंध्रचे जगनमोहन रेड्डी त्यात सामील झाले. हे दोघं केंद्राशी उठसूट भांडणारे नव्हेत. माझा कयास असा, की दिल्लीला विरोधकांच्या पत्रापेक्षा हे पत्र जास्त टोचलं असणार.

७ जूनला पंतप्रधान म्हणाले, राज्यांनी आग्रह धरला म्हणून पंचवीस टक्के काम त्यांच्याकडे दिलं होतं, आता त्यांना अडचण कळली. २१ जूनपासून केंद्र ७५ टक्के लस घेऊन राज्यांना मोफत देईल. २५ टक्के खासगी रुग्णालयांना, सेवाशुल्क १५० रुपयांच्या वर नाही. न्यायालयाचा उल्लेख त्यात नव्हता.

२१ जूनला देशात एका दिवसात ८० लाखांहून अधिक डोस दिले गेले. धोरण बदललं म्हणून वेग वाढला, असं दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीनं सांगितलं. ते पुरतं खरं नाही. मेमध्ये ८ कोटींच्या आत असलेला पुरवठा जूनमध्ये १२ कोटींच्या आसपास जाणार होता, आणि ते केंद्रानं ३० मेलाच, म्हणजे धोरण बदलण्याआधी, जाहीर केलेलं होतं. काही राज्यांनी विक्रमासाठी आदल्या दिवशी हात आखडता घेतल्याचं आकड्यांत दिसतं. खरेदीदार बदलल्यानं एकही जादा कुपी भरली गेली नाही. बदललं ते एवढंच, की लस संपली तर कुणाला विचारायचं याबद्दलचा घोळ मिटला. कमी मालाचं न्याय्य वाटप करायला एवढं पुरेसं नसतं, पण याशिवाय ते सुरूही होत नाही.

२५ टक्क्यांचा खासगी वाटा मात्र तसाच ठेवला होता. ऑगस्टमध्ये नवे आरोग्यमंत्री मनसुख मांडविया यांनी राज्यसभेत सांगितलं, की खासगी रुग्णालयं त्यातला ७ ते ९ टक्केच वापरताहेत. उरलेला माल सरकार घेऊ लागलं. तरी १० एप्रिल २०२२ रोजी १८ ते ५९ वयोगटाचा तिसरा डोस सुरू केला तो पुन्हा फक्त खासगी केंद्रांवर, पैसे भरून. आदल्या दिवशी दोन्ही कंपन्यांनी भाव २२५ वर आणला होता. तीन महिन्यांत त्या वयोगटातल्या एक टक्का लोकांनीही तो घेतला नाही. १५ जुलैपासून ७५ दिवसांसाठी तोच डोस सरकारी केंद्रांवर मोफत झाला.